राजीनाम्यासाठी दबाव आला, तर या चुका टाळा

कामगार संघटनेच्या कार्यालयात माझ्यासमोर येऊन बसणारे बहुतेक जण सही करूनच आलेले असतात, आणि तीच सर्वांत महाग पडणारी चूक असते. चाकणच्या एका कारखान्यात 11 वर्षे काढलेल्या ऑपरेटरला शिफ्ट सुटताना केबिनमध्ये बोलावले, मोबाइल बाहेर ठेवायला लावला आणि ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे आधीच टाइप केलेला राजीनामा पुढे सरकवला. सही केली नाहीस तर काढून टाकू, मग दुसरीकडेही नोकरी मिळणार नाही, असा धाक घातला. त्याने सही केली. एवढे होऊनही प्रकरण सावरता आले असते, कारण धाकाने घेतलेली संमती करार कायदा, 1872 नुसार रद्द ठरवून घेता येते; परंतु तो गप्प बसला, वर साहेबांना आभाराचा संदेश पाठवला आणि पाच महिन्यांनी माझ्याकडे आला. अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याखाली तक्रारीला 90 दिवसांची मुदत आहे. सबळ कारण असेल तर न्यायालय उशीर माफ करू शकते, पण त्या संदेशापुढे कारण सांगणार काय? रीतसर कामगार कपात करून त्याला काढले असते तर वर्षामागे 15 दिवस, म्हणजे 165 दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई त्याला मागता आली असती.

म्हणून मी सर्वांना एकच सांगतो: ‘विचार करून लेखी कळवतो’ म्हणा आणि उठा. सही झालीच असेल, तर त्याच रात्री स्वतःच्या ईमेलवरून कोणी, कधी, कोणत्या शब्दांत दबाव आणला ते लिहून राजीनामा मागे घेत असल्याचे कळवा, सकाळी तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. मंजुरीआधी मागे घेतलेल्या राजीनाम्याची बाजू भक्कम असते. या चार ओळींसाठी नोटिशीचे नमुने शोधण्यात आठवडा घालवणाऱ्यांची मला खरोखर चिंता वाटते.

दुसऱ्या दिवशी कामावर जाणे टाळू नका. गेटवर अडवले तर तेही लगेच लेखी कळवा.

पदाच्या नावात ‘मॅनेजर’ आहे म्हणून कामगार कायदा लागू नाही, असे गृहीत धरू नका. प्रत्यक्ष काम काय करता, हे पाहिले जाते.

‘कोणतीही तक्रार उरली नाही’ असे लिहिलेल्या अंतिम हिशेबावर, रक्कम हवी म्हणून, हरकत न नोंदवता सही करू नका.