सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी परदेशांची तुलना कशी करावी

केसांसाठी इस्तंबूल, चेहऱ्यासाठी सोल आणि स्तनांसाठी बँकॉक अशी वाटणी आता अनेकांना ऐकून ठाऊक असते, आणि तुलना सुरू होते ती या शहरांतील पॅकेजांचे दर शेजारी शेजारी मांडून. हा क्रम उलटा करावा. आधी नेमकी कोणती शस्त्रक्रिया हवी ते ठरवावे, मग ती करणारा सर्जन पाहावा, त्यानंतर तेथे राहण्याचे दिवस मोजावेत आणि दराचा विचार सर्वांत शेवटी करावा.

शस्त्रक्रियेनुसार विचारायचे प्रश्न बदलतात. केशरोपण स्थानिक भूल देऊन होते, त्यामुळे ते किरकोळ वाटते. परंतु स्वस्त केंद्रांत डॉक्टर केवळ आखणी करून जातात आणि पुढचे काम तंत्रज्ञ उरकतात, असे घडते. म्हणून केस रोवण्यासाठी डोक्यावर खाचा कोण पाडणार आणि डॉक्टर त्या दिवशी किती रुग्ण घेणार, हे लेखी विचारावे. नितंबांत स्वतःचीच चरबी भरण्याची शस्त्रक्रिया याहून फार वेगळी आहे. चरबी स्नायूत खोलवर टोचली गेली, तर ती तेथील मोठ्या शिरांतून फुप्फुसात पोहोचून रुग्ण दगावू शकतो. याच कारणास्तव ब्रिटनमधील सौंदर्यशल्यचिकित्सकांच्या संघटनेने 2018 मध्ये आपल्या सदस्यांना ही शस्त्रक्रिया थांबवण्यास सांगितले होते, आणि 2022 मध्ये ती पुन्हा मान्य करताना अल्ट्रासाऊंडवर पाहत केवळ त्वचेखालीच चरबी टोचावी, अशी अट घातली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या नोंदींनुसार 2009 ते 2022 या काळात डोमिनिकन रिपब्लिकमध्ये सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर 93 अमेरिकी नागरिकांचा मृत्यू झाला. त्यांपैकी 2019 आणि 2020 मधील ज्या मृत्यूंची तपासणी झाली, त्यांत बहुतेकांचे कारण चरबीची किंवा रक्ताची गुठळी हे होते. एकाच वेळी तीन-चार शस्त्रक्रिया ‘सवलतीत’ करून देणारे केंद्र माझ्या मते तेथेच यादीतून वगळावे.

सर्जनची पात्रता पडताळण्याची रीत प्रत्येक देशात निराळी आहे. दक्षिण कोरियात परवानाधारक कोणताही डॉक्टर सौंदर्यशस्त्रक्रिया करू शकतो. मात्र दवाखान्याच्या मूळ नावात प्लास्टिक सर्जरी हा विभाग लिहिण्याची मुभा त्या विषयाच्या तज्ज्ञालाच असते, इतरांना तो केवळ ‘उपचार विषय’ म्हणून पाटीवर वेगळा दाखवावा लागतो. सल्ला एका डॉक्टरने द्यायचा आणि भूल दिल्यावर शस्त्रक्रिया दुसऱ्याने करायची, असे प्रकार तेथे गाजल्यानंतर सप्टेंबर 2023 पासून, रुग्ण बेशुद्ध असतो अशा शस्त्रक्रियागृहांत कॅमेरे सक्तीचे झाले. चित्रीकरण मात्र रुग्णाने मागणी केली तरच होते, तेव्हा ती मागणी आधीच नोंदवावी. तुर्कस्तानात परदेशी रुग्ण घेण्यासाठी आरोग्य मंत्रालयाचे अधिकृतता प्रमाणपत्र लागते, आणि थायलंडमध्ये डॉक्टरची नोंदणी तेथील वैद्यक परिषदेकडे तपासावी. ‘जॉइंट कमिशन इंटरनॅशनल’ या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचे मानांकन रुग्णालयाला मिळते, सर्जनला नव्हे; जाहिरातींत हा फरक सोयीस्करपणे पुसलेला असतो. भूलतज्ज्ञ कोण आणि अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का, हेही विचारावे. एजंटने परस्पर दिलेली उत्तरे यासाठी पुरेशी नाहीत.

पॅकेजमधील मुक्काम बहुधा अपुरा असतो. छाती किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किमान 10 दिवस आणि चेहरा, पापण्या किंवा नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर 7 ते 10 दिवस विमानप्रवास टाळावा, असे अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र सांगते. शस्त्रक्रियेनंतर पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतोच आणि दीर्घ बैठा प्रवास तो वाढवतो. म्हणून पाच दिवसांच्या पॅकेजमध्ये हॉटेलचे वाढीव दिवस, सोबत येणाऱ्या नातेवाइकाचा खर्च आणि तिकिटाची तारीख बदलण्याचे शुल्क मिळवल्याशिवाय दोन देशांचे दर ताडून पाहू नयेत. मुंबई-पुण्यातील नोंदणीकृत प्लास्टिक सर्जनचा दरही याच तक्त्यात लिहावा. अनेकदा फरक अपेक्षेपेक्षा कमी निघतो.

गुंतागुंतीच्या खर्चासाठी वेगळी रक्कम हाताशी ठेवावी. भारतातील आरोग्य विमा सौंदर्यशस्त्रक्रिया सहसा वगळतो. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना हे त्याला अपवाद आहेत. नेहमीचा प्रवास विमाही ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही. दुरुस्तीची शस्त्रक्रिया मोफत देऊ, असे केंद्र म्हणत असेल, तर विमानभाडे, भूल आणि रुग्णालयाचे शुल्क त्यात धरले आहे का, ते करारात पाहावे.

निघण्यापूर्वी गावातल्या एका सर्जनला भेटून परतल्यावर जखम पाहण्यास तो तयार आहे का, हे विचारून घ्यावे. दुसऱ्याने केलेल्या कामाची जबाबदारी घेण्यास अनेक डॉक्टर नकार देतात. परतताना इंग्रजीतील शस्त्रक्रियेची टिपणे आणि औषधांची यादी सोबत आणावी, आणि इम्प्लांट म्हणजे कृत्रिम रोपण बसवले असल्यास त्याच्या निर्मात्याचे नाव व क्रमांक असलेले कार्डही मागून घ्यावे. खडबडीत पृष्ठभागाची काही स्तनरोपणे लिम्फोमा या कर्करोगाच्या एका दुर्मीळ प्रकाराशी संबंध आढळल्याने 2019 मध्ये जगभरातून परत मागवली गेली, तेव्हा आपल्या शरीरात नेमके कोणते रोपण आहे, हे रुग्णांना त्या कार्डावरून पाहता येत होते.