सहाचे पुन्हा दोन पॉड का होत होते

जळगावच्या केळी व्यापाऱ्यांसाठी आम्ही चालवत असलेल्या भाव-नोंदणीच्या अ‍ॅपवर सकाळी रावेर-सावद्याकडची गर्दी वाढली, की गर्दीनुसार संख्या बदलणारा ऑटोस्केलर पॉडची, म्हणजे अ‍ॅपच्या चालू प्रतींची, संख्या २ वरून ६ वर नेत असे आणि काही सेकंदांतच ती पुन्हा २ वर येत असे. मी दोन दिवस नोडची (पॉड ज्या यंत्रांवर चालतात त्यांची) मेमरी तपासण्यात घालवले, ते वायाच गेले.

दोष माझ्याच फाइलमध्ये होता. गिट या फाइल-साठ्यातील डिप्लॉयमेंटमध्ये, म्हणजे अ‍ॅप कसे चालवायचे हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, ‘रेप्लिकाज: २’ (पॉडची संख्या दोन) ही ओळ होती. आर्गो सीडी हे साधन गिटमधील अपेक्षित स्थिती आणि क्लस्टरमधील (या यंत्रांच्या समूहातील) प्रत्यक्ष स्थिती यांची सतत तुलना करते. सेल्फ-हील, म्हणजे तफावत आपोआप दुरुस्त करण्याची सोय, चालू असल्यामुळे ऑटोस्केलरने केलेली वाढ त्याला तफावत वाटे आणि ते ती इमानेइतबारे पुसून टाकी. एका आकड्याला दोन मालक झाले होते.

ती ओळ गिटमधून नुसती काढून भागत नाही. शेवटच्या अप्लायच्या, म्हणजे फाइल क्लस्टरवर लागू केल्याच्या, नोंदीत ती शिल्लक असल्यामुळे पुढच्या सिंकला (गिटशी जुळवणी होताना) पॉड चालवणारी कुबरनेटिस ही प्रणाली ती हटवते आणि संख्या, काही न सांगितल्यास धरल्या जाणाऱ्या, १ वर घसरते, म्हणजे ऐन लिलावाच्या वेळी एकच पॉड! म्हणून मी आधी स्वयंचलित सिंक थांबवले, ‘कुबेक्टल अप्लाय एडिट-लास्ट-अप्लाइड’ ही आज्ञा वापरून नोंदीतील ओळ काढली, मग गिटमधील काढली आणि आर्गो सीडीच्या फरक दाखवणाऱ्या पडद्यावर रेप्लिकाजचा उल्लेख उरला नाही हे पाहूनच सिंक पुन्हा सुरू केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही पॉड टिकून राहिले.