सँ मालोमधील साध्या हॉटेलात उतरण्यापूर्वी

फ्रान्सच्या ब्रिटनी भागातील सँ मालो हे तटबंदीचे समुद्रकिनारी गाव पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून वेगवान रेल्वेने सुमारे अडीच तासांवर आहे. तेथील दोन ताऱ्यांचे (टू-स्टार) हॉटेल ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवावी, ती अशी की हे घरगुती हॉटेल असते आणि ते पाहुण्याच्या नव्हे, तर मालकाच्या घड्याळाप्रमाणे चालते.

फ्रान्ससह युरोपातील अनेक देशांसाठी चालणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत निवासाचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा द्यावा लागतो. म्हणून व्हिसा हाती येईपर्यंत विनाशुल्क रद्द करता येईल असेच आरक्षण घ्यावे, मग ते थोडे महाग पडले तरी चालेल. ‘डबल बेड’ असे लिहिलेला पलंग अनेकदा केवळ १४० सेंटीमीटर रुंद असतो. आईला किंवा मुलाला सोबत नेणार असाल, तर दोन स्वतंत्र पलंगांची खोली आधीच मागून घ्यावी.

तटबंदीच्या आतील घरे पुरातन भासतात, परंतु ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांपैकी बहुतेक जळून उद्ध्वस्त झाली आणि युद्धानंतर त्याच धाटणीत पुन्हा उभी राहिली. जिने मात्र अरुंदच आहेत. लिफ्ट आहे का आणि खोली कितव्या मजल्यावर आहे, हे ईमेलने विचारून घ्यावे, कारण दगडी फरसबंदीवरून चाकांची बॅग खडखडत ओढल्यानंतर ती तीन मजले उचलून नेण्याचा उत्साह कोणातही उरत नाही.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे पोहोचण्याची वेळ. खोलीचा ताबा साधारणपणे दुपारनंतर मिळतो आणि छोट्या हॉटेलांत रात्री रिसेप्शनवर कोणीही नसते. आम्ही रात्री सव्वादहाला पोहोचलो तेव्हा दार बंद होते. दाराशेजारी अंकांची पाटी चमकत होती, तिचा कोड हॉटेलने ईमेलने पाठवला होता आणि आमच्या फोनवर इंटरनेट नव्हते. शेवटी समोरच्या उपाहारगृहातील वेटरने आपला फोन पुढे केला. असा कोड कागदावर लिहून खिशात ठेवावा. मुंबईहून फोन करायचा असेल, तर उन्हाळ्यात फ्रान्स आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, तेव्हा दुपारी दोनच्या आधी प्रयत्न करू नये.

आत शिरताच प्रथम ‘बोंजूर’ म्हणावे आणि त्यानंतरच कामाचे बोलावे. हा उपचार येथे फार गंभीरपणे पाळला जातो. परदेशी पाहुण्याकडून एक छोटा पोलिसी अर्ज भरून घेतात, त्यात वावगे काही नाही. बिलात प्रत्येक प्रौढामागे दर रात्रीचा स्थानिक पर्यटन कर वेगळा लागतो. नाश्ताही बहुधा वेगळाच असतो. केवळ पाव, लोणी आणि जॅमसाठी ती रक्कम मोजण्यापेक्षा जवळच्या बेकरीत जाणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. खोलीत चहाची किटली असेलच असे नाही आणि शौचालयात जेट स्प्रे तर जवळजवळ नसतोच, म्हणून एक छोटी बाटली सोबत असावी.

शाकाहारी मंडळींनी उपाशी राहण्याचे कारण नाही. कुट्टूच्या पिठाची ‘गॅलेत’ ही आपल्या घावनाची सावत्र बहीण शोभेल अशी असते. तिच्या नेहमीच्या प्रकारात हॅम, अंडे आणि चीज असते, म्हणून ‘सां जांबों’, अर्थात हॅमशिवाय, असे स्पष्ट सांगावे आणि अंडे चालत नसेल तर तेही सांगावे. मात्र दुपारचे जेवण दोनच्या सुमारास बंद होते, हे विसरू नये.

रिसेप्शनवर भरती-ओहोटीच्या वेळा अवश्य विचाराव्यात. येथे मोठ्या उधाणाला पाणी बारा मीटरांहून अधिक चढ-उतार करते; आपल्या मुंबईच्या उधाणाच्या दुपटीहूनही हे जास्त आहे. लेखक शातोब्रियांची समाधी असलेल्या ग्राँ बे बेटाची पायवाट हाजीअलीच्या रस्त्यासारखीच भरतीत पाण्याखाली जाते. परतताना वाटेवर पाणी आलेले दिसले, तर त्यात उतरू नये. ओहोटी लागेपर्यंत बेटावरच थांबावे.