खाण्याच्या विकारातून सावरताना वाचन : या चुका टाळा

सोलापुरात नव्या पेठेतल्या एका खोलीत आमचा छोटा वाचनगट दर शनिवारी भरतो. ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडत जाणे), बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलटी वगैरे करून ते बाहेर काढणे) किंवा अनावर खाण्याच्या विकारातून सावरणारी मुले-मुली आणि कधीकधी त्यांच्या आया तिथे येतात. त्याच त्या चुका पुनःपुन्हा पाहून कंटाळा आला म्हणून हे लिहीत आहे. त्यांतली सर्वांत मोठी चूक माझीच होती, हेही आधीच सांगते.

ती चूक म्हणजे याच आजारातून गेलेल्या व्यक्तीचे आत्मकथन पहिल्याच भेटीत हाती देणे. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, या विचाराने मी एका महाविद्यालयीन मुलीला असे एक इंग्रजी पुस्तक दिले. तीन आठवड्यांनी तिच्या आईने ते परत आणून दिले. लेखिकेने वजनाचे आकडे आणि जेवण चुकवण्याच्या युक्त्या जिथे जिथे सांगितल्या होत्या, तिथे तिथे पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. लेखिका सावरू लागते ती शेवटची प्रकरणे मात्र कोरी होती, त्यांची पाने अजून एकमेकांना चिकटलेली होती. मी ज्याला आधार समजले, ते तिने मार्गदर्शिकेसारखे वापरले होते. पुढे 2018 साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेले एक सर्वेक्षण वाचनात आले. त्यातील 885 जणांच्या उत्तरांमध्ये खाण्याच्या विकारांवरच्या कथा-कादंबऱ्यांनी त्रास वाढल्याचा अनुभव ठळक होता आणि इतर साहित्याबद्दलचा अनुभव पुष्कळच बरा होता. मला त्याचे नवल वाटले नाही. आता प्रत्येक पुस्तक आधी मी स्वतः शेवटपर्यंत वाचते आणि आकडे किंवा युक्त्या दिसल्या की ते बाजूला ठेवते. त्याऐवजी प्रवासवर्णन, विनोदी कथा किंवा व्यक्तिचित्रे देते, ज्यांत माणसे बोलता बोलता भाकरी मोडून खातात आणि त्या भाकरीचा हिशेब कोणी मांडत नाही.

दुसरी चूक उतावळ्यांची आहे. स्वयंमदतीचे पुस्तक दोन रात्रींत संपवून ‘काही फरक पडला नाही’ असे सांगणाऱ्यांना काय उत्तर द्यावे, हे मला अजून सुचलेले नाही. उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बुलिमिया असलेल्या प्रौढांसाठी असे पुस्तक सुचवले आहे, परंतु ते कोणाच्या तरी देखरेखीखाली, 16 आठवड्यांत, वीस-वीस मिनिटांच्या 4 ते 9 भेटींसह वाचायचे असते. ॲनोरेक्सियासाठी मात्र हा मार्ग तिथे सांगितलेला नाही. त्यासाठी समोरासमोर बसून दीर्घकाळ उपचार घ्यावे लागतात. मी एका आठवड्याला एकच प्रकरण देते आणि पुढच्या पानांना कपडे वाळत घालायचा चिमटा लावते. हसतात सगळे, पण चिमटा सहसा कोणी काढत नाही.

पाककृतींची पुस्तके हा घरच्यांना हमखास फसवणारा प्रकार आहे. आमच्याकडची एक मुलगी शेंगाचटणी कुटून सगळ्यांच्या पानात वाढत असे, वहीत पाककृती सुवाच्य अक्षरात उतरवत असे आणि स्वतः मात्र बोटाला लागलेली चटणीही पुसून टाकत असे. आईला वाटे, मुलगी स्वयंपाकात रमली. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून जो प्रयोग झाला, त्यात एरवी स्वयंपाकाशी संबंध नसलेले पुरुषही पाककृतींची पुस्तके वाचू लागले आणि जमवू लागले होते. उपाशी शरीर अन्नाचाच ध्यास घेते, ही साधी गोष्ट आईला समजावून सांगायला मला दोन शनिवार लागले.

व्रतांच्या पोथ्या सध्या कपाटातच राहू द्याव्यात. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, एकादशी घरोघर पाळली जाते आणि उपासाआड हा आजार सहज लपतो. म्हणून ‘तू यंदा उपास करू नकोस’ हे घरातल्या थोरल्या वारकऱ्यानेच सांगावे, कारण ते आमच्यापेक्षा त्यांच्या तोंडी अधिक शोभते.

जेवायला बसल्यावर आजारावरचा लेख मोठ्याने वाचून दाखवू नये.

आरशावर ‘मी सुंदर आहे’ अशी चिठ्ठी चिकटवण्याचा आग्रह मला मुळीच पटत नाही, कारण ज्या वाक्यावर विश्वासच नाही ते रोज वाचून चीडच वाढते. ‘या पायांनी मी गड्ड्याची जत्रा फिरून आले’ एवढे खरे वाक्य वहीत लिहिले तरी आरंभाला पुरते.

पुस्तकावर विसंबून डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये. वारंवार उलट्या केल्याने शरीरातील पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते, त्यामुळे चक्कर, धडधड किंवा बेशुद्धी जाणवल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मन मोकळे करण्यासाठी शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. आमच्या गटातील प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला तो क्रमांक मी पेन्सिलीने लिहून ठेवते.