पापलेटचं नाव डीएनए सांगत नाही

मासळीच्या नावातली फसवणूक डीएनएवरून पकडायच्या कामात नव्याने येताय, म्हणजे पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) आणि सीओआय (प्राण्यांची जात ओळखायला वापरतात ते जनुक) तुम्हाला माहीत असणारच. पॉल हेबर्ट यांच्या गटाने 2003 मध्ये या जनुकाचा सुमारे 650 बेसांचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, तुकडा प्राण्यांचा बारकोड म्हणून सुचवला. प्रयोगशाळेतला भाग हाताला सवय झाली की जमतो. घोडं अडतं ते त्यानंतर.

जेनबँकेत, म्हणजे जगभरच्या संशोधकांनी जमा केलेल्या सिक्वेन्सच्या खुल्या संग्रहात, आपला सिक्वेन्स (त्या अक्षरांचा क्रम) टाकला, 99 टक्क्यांवर जुळणी आली, पहिल्या ओळीत नाव दिसलं. तिथे थांबू नका. ते नाव यंत्राने ठरवलेलं नसतं. सिक्वेन्स जमा करणाऱ्याने मासा जो समजला, तेच तिथे लिहिलेलं असतं. आपलं चंदेरी पापलेट घ्या, 2023 पासून महाराष्ट्राचा राज्य मासा. वर्षानुवर्षं त्याला पँपस अर्जेंटियस म्हटलं गेलं. पुढे भारतीय संशोधकांनी शरीररचना आणि जनुकं दोन्ही तपासून आपल्याकडचा मासा पँपस कँडिडस असल्याचं मांडलं. जुन्या नोंदी मात्र जुन्याच नावाने पडून आहेत. म्हणजे एकाच माशाचे सिक्वेन्स दोन नावांखाली, आणि अर्जेंटियस या नावाखाली वेगवेगळे मासे. घाईत ही यादी वाचणारा 'दुसरीच जात विकली' असं लिहून मोकळा होतो. जिच्यावर ठपका येतो त्या बाईने पापलेटच विकलेलं असतं! या एका गुंत्यापायी माझे महिनेच्या महिने गेले, म्हणून इतकं लांबण लावतोय.

तेव्हा वरच्या पन्नासेक जुळण्या बघा. त्यांचा वंशवृक्ष काढा. सिक्वेन्समागे संग्रहालयात जपलेला नमुना आहे का ते तपासा, बोल्ड या खास बारकोडांच्या संग्रहातही पडताळा. आणि अख्खा मासा, डोक्यापरांसकट, स्वतः ओळखून त्याचा सिक्वेन्स तुलनेसाठी हाताशी ठेवा.

घाबरू मात्र नका. प्रत्येक मासा इतका छळत नाही. बासाचे काप महागड्या माशाच्या नावाने विकले, किंवा गोड्या पाण्यातला रूपचंद पापलेट म्हणून खपवला, तर सीओआय लगेच सांगतं. ही कुळंच वेगळी. ट्यूनाच्या जवळच्या जातींत ते कमी पडतं, तिथे आणखी एखादं जनुक जोडावं लागतं.

मासे ओळखायला कोणाकडे शिकायचं? माझं मत ठाम आहे: आधी ससून डॉकवर, कोळणींकडे. नुसते तक्ते दाखवणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा माशाचे कल्ले उघडून दाखवणारी मावशी जास्त शिकवते. त्यांचा धंद्याचा वेळ खाऊ नका, गर्दी ओसरल्यावर विचारा. विकताना सांगितलेलं नाव जसंच्या तसं तिथल्या तिथे टिपा. हलव्याला इंग्रजीत काळं पापलेट म्हणतात, पण तो पापलेटच्या कुळातलाच नाही. तुम्ही घरी येऊन 'पापलेट' लिहिलंत तर फसवणूक तुमच्या वहीतच तयार होते.

नमुना फॉर्मॅलिनमध्ये कधीही टाकू नका, डीएनए वाया जातो. 95 टक्के इथेनॉल वापरा. प्रत्येक माशाला नवी ब्लेड, कारण विक्रेत्याच्या पाटावर दिवसभराचे मासे कापलेले असतात. डबाबंद किंवा तळलेल्या माशात लांब तुकडा बहुधा मिळत नाही, दीड-दोनशे बेसांचा छोटा बारकोड घ्या. आणि पीसीआरनंतर जेलवर डीएनएची पट्टी आलीच नाही तर लगेच नवं किट मागवू नका. डीएनए दहापट पातळ करून पीसीआर पुन्हा लावा, पुष्कळदा पट्टी येते.