मुंबईत राहत्या कामाला येताना: गावच्या घराशी नाते कसे राखावे

कोकणातून घरकामासाठी मुंबईला येणाऱ्या बाईपुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड करून चार-पाच घरची धुणी, भांडी, लादी आणि पोळ्या करणे, आणि दुसरी म्हणजे एकाच घरी चोवीस तास राहणे. राहत्या कामात खोलीभाडे आणि जेवण वाचते, त्यामुळे मुले गावी ठेवून येणाऱ्या बहुतेक जणी हीच वाट धरतात. कुडाळजवळच्या गावातून मीही तशीच आले. नव्याने येणाऱ्या बाया पगाराची घासाघीस करतात, सुट्टीचे मात्र नंतर बघू म्हणून सोडून देतात. माझ्या मते सुट्टीचे बोलणे पगाराच्या आधी व्हावे.

त्याचे कारण सरळ आहे. आपल्याला गणपतीला गावी जायचे असते आणि नेमके त्याच दिवसांत मालकांकडेही पाहुणे असतात. "तू आता घरातलीच आहेस" हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. ते प्रेमाने म्हटलेले असले, तरी घरातल्या माणसाला रजा मागावी लागत नाही, हे आपण विसरू नये. आठवड्याची सुट्टी, गणपतीची रजा, मे महिन्यातले दिवस आणि रजेच्या काळातला पगार या गोष्टी कामावर रुजू होण्यापूर्वी बोलून घ्याव्यात आणि ठरलेले मालकीणबाईंना मोबाईलवर संदेशाने कळवून ठेवावे. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी खुले होते आणि गणपतीतल्या कोकणकन्या किंवा तुतारीची तिकिटे पाहता पाहता संपतात. म्हणून रजेची तारीख त्याआधीच पक्की हवी. गाडी मिळाली नाही तर एसटी आहे, आणि मार्च 2023 पासून तिच्यात महिलांना अर्धे तिकीट आहे.

फोनची वेळही अशीच ठरवून घ्यावी लागते. आपल्याला उसंत मिळते ती दुपारी दोन ते चार, तेव्हा मुले शाळेत असतात. रात्रीची भांडी आवरेपर्यंत ती झोपलेली असतात. मी संध्याकाळी सात वाजताची पंधरा मिनिटे मागून घेतली. "जेवलास का, अभ्यास केलास का" यावर मुलगा "हो" म्हणतो आणि बोलणे तिथेच खुंटते. त्याऐवजी मी त्याला त्या दिवशीचा मराठीचा धडा वाचून दाखवायला सांगते. फोन ओट्यावर ठेवून मी मेथी निवडते आणि तो वाचतो; जोडाक्षराला अडखळला की मी शब्द सांगते, आणि मग शाळेतल्या भांडणाची हकीकत तो न विचारताच सांगू लागतो.

मुले ज्या बाईच्या हाताखाली वाढतात, ती सासू असो वा जाऊ, तिचा मान राखणे हे पैसे पाठवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. माझ्या जाऊबाईंनी मुलाला रागावले आणि त्याने फोनवर तक्रार केली, तर मी त्याच्यासमोर त्यांना जाब विचारत नाही. बोलायचे असेल ते नंतर दोघींत बोलतो. पगार आधी स्वतःच्या नावाच्या खात्यात घ्यावा आणि तिथून घरखर्चाची रक्कम दरमहा ठरलेल्या तारखेला पाठवावी. मुलाच्या वह्या-कपड्यांचे पैसे वेगळे आणि जाऊबाईंच्याच खात्यात पाठवावेत, म्हणजे प्रत्येक खर्चासाठी त्यांना दुसऱ्याकडे हात पसरावा लागत नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगते. मालकांना आधार कार्डाची झेरॉक्स द्यावी, मूळ कार्ड कोणाकडेही ठेवू नये. 2008 च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाकडे 18 ते 60 वर्षे वयाच्या घरकामगारांना नोंदणी करता येते. कामाच्या घरी कोणी अंगलटीला आले, तर 2013 चा लैंगिक छळविरोधी कायदा घरकामगारांनाही लागू आहे आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. अशा वेळी घरी कळल्यास परत बोलावून घेतील, या भीतीने पुष्कळ जणी गप्प बसतात. म्हणून गावाकडच्या निदान एका बाईला कामाच्या घराचा पूर्ण पत्ता आणि मालकांचा फोन नंबर पहिल्याच दिवशी देऊन ठेवावा, आणि काम बदलले की त्याच दिवशी नवा पत्ता कळवावा.