वाइनच्या द्राक्षाला ताण: कधी आणि किती

नाशिक भागात सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) झालेल्या वाइन द्राक्षाच्या बागांत मणी सेट झाले आहेत, म्हणजे फुलांचे मणी धरले आहेत. आता मण्यांत पाणी उतरेपर्यंतचे (मणी मऊ पडून रंग धरेपर्यंतचे) दिवस ताणाचे, म्हणजे पाणी मुद्दाम कमी देण्याचे. नेमका याच वेळी आपला हात ठिबकच्या व्हॉल्व्हकडे जातो. खायच्या द्राक्षात मणी फुगवण्यात हयात गेलेली, शेततळं भरलेलं असताना बाग कोरडी दिसली की शेजारी विचारणारच, "मोटार जळाली का?"

विचारू द्या. वाइनला मोठा मणी नकोच. शिराज, कॅबर्ने या लाल वाइनच्या जातींचा रंग आणि टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारं द्रव्य) मुख्यतः सालीत असतं. मणी बारीक राहिला तर रसाच्या मानाने साल जास्त मिळते. फुगवणीसाठी जीएही (जिबरेलिक अ‍ॅसिड, मणी वाढवणारं संजीवक) म्हणूनच मारायचं नाही. सोव्हिन्यॉं ब्लां या पांढऱ्या वाइनच्या जातीला मात्र हात सैल ठेवा, कडक ताणात तिचा सुगंध जातो.

ताण म्हणजे पाणी बंद नव्हे. स्पेनमध्ये १९९६ पर्यंत वाइनच्या बागांना पाणी द्यायला कायद्याने बंदी होती, हा दाखला काही जण देतात. पण तिथे हिवाळ्यात-वसंतात पाऊस पडून जमीन भिजलेली असते. आपलं पीक पाऊस संपल्यावर वाढतं, मुरमाड जमिनीत तर ठिबक हाच पाऊस. अशा जमिनीत दोन-चार दिवसांत ताण बसतो. काळ्या जमिनीत बरेच दिवस काहीच दिसत नाही आणि मग एकदम दिसतं.

म्हणून कॅलेंडर नव्हे, शेंडा बघा. बाळ्या (वेलीचे आधार धरणारे तंतू) शेंड्याच्या पुढे ताठ असतील तर पाणी अजून जास्त आहे. शेंडा थांबला, बाळ्या मलूल झाल्या, की ताण तिथेच धरा. दुपारी पानं जरा मरगळली तरी सकाळी ताठ दिसायला हवीत. सकाळीही मलूल असतील किंवा बुडाची पानं पिवळी पडू लागली तर त्याच दिवशी पाणी सोडा. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या बागेला हा प्रयोग नकोच. तिचं खोड, ओलांडे (तारेवरच्या आडव्या फांद्या) अजून तयार व्हायचेत.

पाणी उतरलं की थोडं-थोडं पण नियमित द्या. साखर पानं बनवतात. ती गळली तर ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) अडकून बसतो. आणि ताणलेल्या बागेला एकदम भरपूर पाणी सोडू नका, मणी तडकतात.